सव्वीस नंबरचे तीन वार

दिवाळी अंकात आठवणी लिहाव्यात असा माझा व्यवसाय नव्हता. शिक्षिकेकडे विद्यार्थी असतात, नर्सकडे पेशंट असतात, वकिलाकडे तर साऱ्या तालुक्याची भांडणं असतात. मी लोणावळ्याच्या बाजारात, एका चिक्कीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून, अमेरिकेतली माणसं किती पळाली ते मोजलं. त्याबद्दल मला पगार मिळाला, दर दिवाळीला सुक्यामेव्याचा डबा मिळाला आणि पाठदुखी मिळाली. यातली पाठदुखी अजून टिकून आहे.

आता ते काम यंत्रं करतात. चेंडूच्या पोटातच काहीतरी बसवलंय म्हणे, चेंडू स्वतःच सांगतो मी कुठे आहे ते. आमच्या वेळी चेंडू इतका बोलका नव्हता.

खंडाळ्यात आमच्या आळीत माझ्या नोकरीबद्दल बरेच तर्क होते. काहींच्या मते मी कॉल सेंटरात होते, काहींच्या मते अमेरिकन बँकेत, आणि उरलेल्यांचं मत माझ्यासमोर कुणी कधी बोललं नाही. सरळ विचारलं ते एकट्या अब्बांनी. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, घाटात गाड्या चढवण्या-उतरवण्यात जन्म गेलेला. त्यांनी विचारलं, ती माणसं पळून जातात कुठे? मी म्हटलं, कुठे नाही, थोडं पळतात आणि पडतात. मग त्यात मोजायचं काय, असं ते म्हणाले.

मुलाखतीत आमच्या पुण्याच्या सरांनी मला विचारलं होतं, फुटबॉल समजतो का. मी बेधडक हो म्हटलं. शाळेच्या मैदानावर मुलं खेळायची तो मला समजत होता. सरांनाही तोच समजत होता, त्यामुळे मुलाखत फार छान झाली. पुढे अमेरिकेहून पहिलं चित्रीकरण आलं तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं की या फुटबॉलमध्ये पायाचा चेंडूशी फारसा संबंध नसतो. चेंडू पोटाशी धरायचा, पळायचं आणि अंगावर येणाऱ्या दांडगटांखाली चेंगरायचं. मग याला फुटबॉल का म्हणतात, असं आम्ही मेलवर विचारलं. अतिशय सभ्य उत्तर आलं. त्यात कारण सोडून सगळं होतं.

खेळ सांगते, घाबरू नका. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, लहानशा पपईसारखा. चार प्रयत्नांत तो दहा वार पुढे न्यायचा. नेला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही नेला तर चेंडू समोरच्यांचा. नेण्याचे मार्ग दोन. एकाने पुढे फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा, किंवा मग छातीशी धरून सरळ पळत सुटायचं. या दुसऱ्या प्रकाराला ते रशिंग म्हणतात, आणि आमचं काम तेवढंच होतं. एका संघाच्या पळण्याचे विक्रम तपासायचे. सरांनी मराठी पाटीसाठी हा शब्द कॉम्प्युटरला विचारला. कॉम्प्युटरने सांगितलं तसं पेंटरने रंगवलं: ‘घाईचे विक्रम विभाग’. ती पाटी शेवटपर्यंत दारावर होती. तिच्यामुळे आमच्याकडे पासपोर्ट तातडीने हवा असणारी माणसं येत. कामशेतचे एक गृहस्थ तर आधार कार्डावरचं नाव बदलून घेतल्याशिवाय जिना उतरायलाच तयार नव्हते. घाईचं काम इथेच होतं ना, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

वार म्हणजे कापडाचा जुना वार, मीटरपेक्षा थोडा आखूड. हे लक्षात आणून दिलं सुनंदाने. सुनंदा भाजे गावची, मळवलीहून गाडीने येणारी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. घरी भातशेती होती. म्हणजे सोमवार ते शुक्रवार भातशेती होती. शनिवार-रविवारी त्याच खाचरांच्या कडेला पर्यटकांच्या गाड्या लावायचं पीक येई, आणि ते भातापेक्षा भरघोस असे. सरांनी आम्हाला मोजमापाचा तक्ता समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी लुगड्याचंच माप की.” त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात सगळं नऊवारीत मोजलं जाऊ लागलं. एखादा गडी चांगला पळाला की सुनंदा सांगे, आज त्यानं धा लुगडी काढली. अमेरिकेला हे कळवण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

आमचा संघ कोणता ते सांगता येत नाही, करारातली अट आहे. कपडे तांबडे असायचे म्हणून आम्ही त्यांना तांबडे म्हणायचो. तांबडे हरण्यात फार वाकबगार होते. जिंकण्याचे विक्रम नसले की माणसं इतर विक्रम जपतात, तसं त्यांचं होतं. पावसात सर्वांत जास्त पळलेला कोण, डावीकडून कोण, तिशी उलटल्यावर कोण, सामना हरलेला असताना कोण. या शेवटच्या प्रकारात तांबड्यांच्या जवळपास कुणी फिरकू शकत नव्हतं. एक म्हातारे चाहते मला दर महिन्याला मेल करत. त्यांचे काका कोणे एके काळी तांबड्यांकडून खेळलेले. एका चिखलाच्या मैदानावर काकांचा एक वार कमी लावला, असा त्यांचा दावा होता. चित्रीकरण नव्हतं, साक्षीदार नव्हते. मी दर महिन्याला नम्रपणे नकार कळवायची आणि ते दर महिन्याला ‘मिस्टर शमीम’ना नव्या जोमाने पत्र लिहायचे. इतक्या निष्ठेने मला कुणी कधी लिहिलं नाही.

कामाचा नियम असा होता, की प्रत्येक पळ, म्हणजे चेंडू घेऊन एकदा पळणं, दोघींनी वेगवेगळी बघायची आणि एकमेकींना न विचारता नोंदवायची. दोन्ही नोंदी जुळल्या तर पुढे. नाही जुळल्या तर सर ठरवणार. सरांना ठरवता आलं नाही तर अमेरिका. सरांना कधीच ठरवता आलं नाही.

आता सव्वीस नंबर. त्याचंही नाव सांगता येत नाही, पाठीवरचा आकडा सांगते. बारा वर्षं एकाच हरणाऱ्या संघात राहिलेला, तिशी ओलांडलेला. त्या धंद्यात तिशी म्हणजे आपल्याकडची सत्तरी, गुडघे सांगतात तेवढंच ऐकायचं. तो फार वेगवान नव्हता. पळून झाल्यावर बाकीचे नाचतात, छाती बडवतात, चेंडू जमिनीवर आपटतात, तसलं तो काही करत नसे. पडायचा, उठायचा, आणि चेंडू पंचाच्या हातात नेऊन द्यायचा. सुनंदाला त्याचं तेच आवडायचं. फेकत न्हाई, हातात देतो, असं ती नव्या माणसाला कौतुकाने सांगायची, जणू तो तिच्या सासरचा होता.

त्याचं शेवटचं वर्ष होतं. तांबड्यांतर्फे आयुष्यभरात सर्वांत जास्त पळण्याचा विक्रम कधीच्या काळी मेलेल्या एका खेळाडूच्या नावावर होता. त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा होता. मोसम अर्ध्यातच बुडाला, तेव्हा क्लबवाल्यांच्या लक्षात आलं की सव्वीस नंबर त्या पुतळ्याच्या जवळ येऊन ठेपलाय. मग त्याच्यावर तिकिटं विकली गेली. हजाराच्या वर लुगडी अंथरली होती त्याने, थोडीच उरली होती.

सामने आमच्या झोपेत होत. आम्ही सोमवारी सकाळी चित्रीकरण बघायचो, आणि निकाल आधी कळून घ्यायचा नाही असा दंडक होता. शेवटून दुसऱ्या सामन्याच्या सोमवारी सुनंदा फोन बंद करून आली. गाडीतसुद्धा कुणाशी बोलले न्हाई, म्हणाली. जसं काही मळवलीच्या प्रवाशांना तांबड्यांचा निकाल ठाऊक असता.

सामन्याच्या शेवटच्या भागात त्याने तो विक्रम ओलांडला. खेळ थांबवला. सगळं मैदान उभं राहिलं. त्याची आई खाली आली, बारीकशी म्हातारी, मापापेक्षा मोठा कोट घातलेली. मला वाटलं मिठी मारेल. तिने आधी हातमोज्याने त्याच्या हनुवटीवरचा चिखल पुसला. सुनंदा पदर तोंडाला लावून रडत होती. सरांनी खालून चिक्की मागवली. लोणावळ्यात राहणारा माणूस चिक्की खात नाही, ती पाहुण्यांना विकायची असते. त्या दिवशी आम्ही खाल्ली.

दुपारी त्याच सामन्याची तपासणी सुरू झाली. आनंद सकाळचा, काम दुपारचं. मैदानावरच्या माणसांनी घाईत जे मोजलेलं असतं, ते आम्ही पुन्हा सावकाश बघायचो. दुसऱ्या भागात सव्वीस नंबरची एक सुरेख पळ होती, चौदा वारांची. चेंडू देणाऱ्याने तो त्याच्याकडे हलकेच उडवला होता, आपण फाटकातून किल्ली उडवतो तसा. इथे नियम आडवा येतो. चेंडू आडवा किंवा मागे उडवला असेल तर ती पळ. बोटभर जरी पुढे गेला असेल तर तो फेकलेला चेंडू आणि हा झेलणारा. माणूस तोच, पाय तेच, वारही तेवढेच, पण ते मग पळण्यात धरत नाहीत.

मी चित्र थांबवून थांबवून पाहिलं. मैदानावर पांढऱ्या रेघा असतात. चेंडू सुटला तो रेघेच्या मागे, आणि हातात आला तो रेघेच्या पुढे. मी चहा पिऊन आले आणि पुन्हा पाहिलं. चहाने काही फरक पडला नव्हता. मी ‘पुढे’ नोंदवलं.

संध्याकाळी नोंदी जुळवल्या तेव्हा सुनंदाची नोंद ‘मागे’ होती. मी तिच्या टेबलाशी गेले. ती डब्याची पिशवी भरत होती. मी म्हटलं, रेघ बघ पुन्हा एकदा. तिने बघितली नाही.

“म्या बघितलंय. मागंच गेलाय.”

“सुनंदा, रेघेच्या पुढे आहे त्याचा हात.”

तिने पिशवीची गाठ मारली. “ताई, हितं ह्या खोलीत कोन बघतंय? तू आन मी. तितं त्याच्या आईनं बघितलं.”

मी म्हटलं, आपलं काम ते नाही. ती म्हणाली, “व्हय, न्हाईच,” आणि गाडी गाठायला निघून गेली.

नोंदी जुळल्या नाहीत म्हणून प्रकरण सरांकडे गेलं. सरांनी मला बोलावून सांगितलं, की शमीम मॅडम, जरा पॉझिटिव्हली बघा. मी पॉझिटिव्हली पाहिलं. चेंडू अत्यंत पॉझिटिव्हली पुढे गेला होता. मग अमेरिकेतल्या डोना मॅडम स्क्रीनवर आल्या. आमचं सगळं काम त्यांच्याच हाताखाली चालायचं. त्यांनी आधी माझ्या तळमळीबद्दल माझे आभार मानले. या बाईंनी तळमळीबद्दल आभार मानले की समजायचं आपण डोकेदुखी झालो आहोत. मग त्यांनी विचारलं, माझी खात्री आहे का. मी म्हटलं, आहे. दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागवू, त्या म्हणाल्या. ते यायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत माझं चुकलेलं निघावं असं ऑफिसातल्या सगळ्यांना वाटत होतं, आणि त्यात मीही होते. दुसऱ्या कॅमेऱ्याने पहिल्यापेक्षाही स्वच्छ दाखवलं.

चौदा वार गेले. सव्वीस नंबर पुतळ्याच्या तीन वार मागे आला. तीन वारांत लुगडं होत नाही, परकर होतो.

त्या शहरात लोक खवळले. तिथल्या एका वर्तमानपत्राने लिहिलं, की जगाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी खोलीत बसलेल्या कुणीतरी आपला विक्रम काढून घेतला. ते कुणीतरी मी. जागतिक वृत्तपत्रसृष्टीत माझा पहिला आणि शेवटचा उल्लेख.

शेवटच्या सामन्यात खरं तर त्याला बाहेर बसवायचं ठरलेलं होतं, गुडघा सुजला होता. पण आता चार वार काढल्याशिवाय त्याला घरी पाठवणं क्लबला परवडणारं नव्हतं, आणि त्यालाही तसं जायचं नसावं. सगळे म्हणत होते, औपचारिकता आहे. बारा वर्षं पळणाऱ्या माणसाला चार वार म्हणजे काय.

सोमवारी सकाळी आम्ही शेजारी शेजारी बसून पाहिलं. खिडकीबाहेर धुकं होतं, खालचा रस्ताही दिसत नव्हता. पहिल्याच प्रयत्नात चेंडू सव्वीस नंबरकडे दिला. समोरच्यांना ते ठाऊकच होतं, ते तांबड्यांची भिंत फोडून आत आले आणि त्याला होता तिथून मागे रेटून आडवा केला. दोन वार उणे. या धंद्यात माणूस मागेही जातो, आणि तेही त्याच्याच नावावर लागतं. दुसऱ्यांदा त्याला फट सापडली. तो तिच्यात शिरला, उजवा पाय जमिनीत रुतून राहिला आणि अंग वळलं. आवाज बंद ठेवून बघायची आमची पद्धत होती, म्हणून आम्हाला काही ऐकू आलं नाही. तो एक वार पुढे जाऊन पडला होता. उठला नाही. पंच वाकला तेव्हा त्याने पडल्यापडल्याच चेंडू त्याच्या हातात दिला.

मग त्याला गाडीत घालून नेलं. पुन्हा तो खेळला नाही.

त्या दोन्ही नोंदी मला करायच्या होत्या. उणे दोन, अधिक एक. सुनंदानेही त्याच केल्या. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या नोंदी जुळल्या, आणि शंभर टक्के जुळणी झाल्याबद्दल सरांनी आमचं अभिनंदन केलं.

सुनंदा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं. कामापुरतं बोलायची. जेवताना एकटी जेवायची. मी घरी अब्बांना सगळं सांगितलं. आयुष्यभर सिग्नल पाळलेला माणूस. त्यांनी विचारलं, चेंडू पुढे गेला होता का? मी म्हटलं, गेला होता. मग झालं तर, म्हणाले आणि बातम्या लावल्या. त्यांच्या दृष्टीने लाल म्हणजे लाल. मला मात्र रात्री अंथरुणावर तो रुतलेला पाय दिसायचा. मी बरोबर होते यात मला कधीच शंका आली नाही, आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

पावसाळ्यात डोना मॅडमची मेल आली. सव्वीस नंबर आता क्लबच्या ऑफिसात होता, शाळांतून फिरून मुलांशी हस्तांदोलन करायचं काम करत होता. कंपनीला आपल्या सचोटीवर एक छोटी फिल्म बनवायची होती. सचोटी दुसऱ्याच्या गुडघ्यावर उभी असली की तिची फिल्म चांगली होते. त्यात तो आमच्याशी स्क्रीनवर बोलणार होता. सरांच्या अंगात संचारलं. आमच्या भिंतीला लोणावळ्याच्या रिवाजाप्रमाणे बुरशी आलेली. ती झाकायला त्यांनी फोटो स्टुडिओतून हिमालयाचा पडदा आणला. खिडकीबाहेर सगळा सह्याद्री हिरवागार उभा होता, पण तो फुकटचा होता.

तो स्क्रीनवर आला तेव्हा आधी ओळखूच आला नाही. चष्मा लावलेला, खुर्चीला काठी टेकवलेली. डोना मॅडमनी पाठ केलेले प्रश्न विचारले, आम्ही पाठ केलेली उत्तरं दिली. मग त्याने स्वतःच विचारलं, तुम्हा दोघींतलं ‘पुढे’ कुणी म्हटलं होतं? मी हात वर केला.

तो म्हणाला, “तुमचं बरोबर होतं. हातात आला तेव्हाच मला कळलं होतं. निकाल येईपर्यंत मला वाटत होतं, तुमच्याकडे नेमकी सुट्टी असावी.”

मी हे सुनंदाला मराठीत सांगितलं. मग त्याने विचारलं, ‘मागे’ कुणी म्हटलं होतं? मी भाषांतर करायच्या आत सुनंदाचा हात वर गेला होता. तो तिच्याकडे बघून थँक यू म्हणाला. तेवढंच. म्हणजे बरोबर असलेल्या बाईला ‘बरोबर’ मिळालं आणि चूक असलेल्या बाईला आभार मिळाले. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. फिल्ममधून तो सगळा भाग कापला गेला, कारण त्यात सचोटीचा घोळ होत होता.

सुनंदाने मला एकच गोष्ट विचारायला सांगितली, आई कशी आहे. तो पहिल्यांदा हसला. आईला शेजाऱ्यांनी सगळं सांगितलं होतं. तिचं म्हणणं होतं, की पंच पहिल्यापासूनच त्याच्या वाईटावर आहेत, हे काही नवीन नाही.

कॉल संपला. सर पडद्याची घडी घालत होते. सुनंदाने छत्री घेतली, मीही घेतली. जिना उतरून आम्ही स्टेशनच्या रस्त्याला लागलो. इतक्या महिन्यांत ती माझ्याबरोबर चालली नव्हती. बाजारात गर्दी होती, पर्यटक मक्याची कणसं खात उभे होते, आणि ती त्यांच्यातून वाट काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला बी दिसलं हुतं.”

“काय?”

“चेंडू. पुढंच गेलता. चांगला वीतभर.”

मी थांबले. एवढे दिवस मी धरून चालले होते, की तिला तो खरोखरच मागे गेलेला दिसला, मायेने डोळ्यांवर पडदा आला असेल. मी विचारलं, मग तू मागे का लिहिलंस?

“तू पुढं लिवनारच हुतीस, ताई. मला ठावं हुतं.” तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली. “खरं सांगायला एक मानूस बास झालं की. दुसऱ्या कुनी त्याच्या बाजूनं ऱ्हायला नको?”

मी तिच्यामागून स्टेशनात शिरले. मळवलीची गाडी लागली होती, सुनंदा पुढे झाली.